सीबीआर जुळतो, पण उत्तर चुकतं: परमँगनेटच्या टायट्रेशनमधली दर डिसेंबरची अडचण

आमचं कनिष्ठ महाविद्यालय खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला, अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. इथल्या बोअरचं पाणी चहाला चालत नाही, डाळ त्यात शिजत नाही, आणि बादलीच्या कडेला आठवड्याभरात पांढरा थर धरतो. डिसेंबरात बारावीच्या प्रॅक्टिकलचा सराव सुरू झाला की प्रयोगशाळेत तीच तक्रार पुन्हा उभी राहते: वाचनं एकमेकांशी जुळतात, पण यायला हवं ते उत्तर येत नाही. तीन वर्षं मी ती पाहिली, दोन वर्षं चुकीच्या ठिकाणी शोधली. आसपासच्या गावांतले शिक्षक आणि पोरं हाच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो.

प्रयोग नेहमीचाच. ०.०५ मोलर ऑक्झॅलिक ॲसिडचं १० मिली द्रावण पिपेटनं कोनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात सौम्य सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करायचं आणि बुरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या आखीव काचनळीतून, ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट सोडायचं. हिशोबानं १०.० मिलीला फिकट गुलाबी रंग यायला हवा, कारण परमँगनेटचे २ मोल ऑक्झॅलिकच्या ५ मोलना पुरतात. बुरेटच्या सलग जुळणाऱ्या वाचनाला सीबीआर म्हणतात.

तिसऱ्या वर्षी एके दिवशी सकाळच्या बॅचमधल्या एका मुलीची वाचनं होती ९.१, ९.१, ९.०. शेजारच्या टेबलावर ९.०, ९.१, ९.१. एका पोरानं वही पुढं केली आणि म्हणाला, "सर, जुळून तं राह्यलं, पण दहा काही येऊन नाही राह्यलं."

त्याच्या या एका वाक्यात निदानाची पहिली पायरी आहे. वाचनं विखुरलेली आहेत की सरकलेली आहेत, हे आधी बघा. त्याआधी बुरेट बदलू नका, द्रावण ओतून देऊ नका, पोरांना रागावू नका. ९.८, १०.३, १०.० अशी वाचनं आली तर ती विखुरलेली. तिथं दोष हातात, डोळ्यात किंवा बुरेटच्या तोटीत असतो. पाच टेबलांवर पाच वेगवेगळ्या हातांनी ९.१ च आलं तर वाचनं सरकलेली. हात चुकत असते तर सगळे एकाच जागी चुकले नसते. तिथं दोष बाटलीत, म्हणजे द्रावणात असतो. टायट्रेशन म्हणजे तुलना आहे. एका बाजूला माहीत असलेलं, दुसऱ्या बाजूला माहीत नसलेलं. "माहीत असलेलं" म्हणून लेबल लावलेली बाटलीच तशी नसेल तर कितीही सुबक काम केलं तरी उत्तर सुबकपणे चुकतं.

विखुरलेल्या वाचनांचं आधी उरकतो, ते सोपं आहे.

बुरेटच्या तोटीतला हवेचा बुडबुडा हा पहिला संशयित. भरल्यावर तोटी पूर्ण उघडून एक धार जोरात सोडा, बुडबुडा निघून जातो. तो टायट्रेशनच्या मध्येच सुटला तर दोन-तीन दशांश मिलीचा फरक पडतो आणि पहिलं वाचन बाकीच्यांपासून तुटतं. भरण्यासाठी लावलेलं फनेल वरच राहिलं असेल तर त्यातून थेंब पडत राहतो. परमँगनेट इतकं गडद असतं की खालचा वक्र दिसतच नाही, म्हणून इथं वरची कड वाचायची. निम्मी पोरं वरची आणि निम्मी "खालची असेल" असा अंदाज वाचतात, त्यामुळंही वाचनं पसरतात. सुरुवातीला वरची कड वाचली असेल तर शेवटीही वरचीच.

एंड पॉइंटबद्दल, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याच्या खुणेबद्दल, दोन गोष्टी. पहिले काही थेंब टाकल्यावर गुलाबी रंग बराच वेळ टिकतो आणि पोरं ०.३ मिलीलाच थांबतात: "सर, झालं." झालेलं नसतं. ही अभिक्रिया सुरुवातीला मंद असते. तिला वेग देतो तो मँगनस आयन, आणि तो अभिक्रियेतूनच तयार होतो. पहिला थेंब मुरेपर्यंत फ्लास्क फिरवत थांबा, पुढचे थेंब पडताक्षणी विरघळल्यासारखे नाहीसे होतात. दुसरी गोष्ट शेवटची. फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की थांबायचं. पाच मिनिटांनी तो उडाला म्हणून आणखी थेंब टाकायचा नाही. उरलेलं परमँगनेट फ्लास्कमधल्या मँगनस आयनशी हळूहळू अभिक्रिया करतं, त्यामुळं रंग आपोआप उतरतो. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो. असे तीन थेंब जादा गेले तर सीबीआर गेला.

द्रावण तपकिरी गढूळ झालं तर ते मँगनीज डायऑक्साइड. सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं, फ्लास्क थंड पडला किंवा बुरेट भसाभसा सोडलं, यांपैकी एक कारण नक्की. तो फ्लास्क टाकून द्यायचा, त्याचं वाचन घ्यायचं नाही. आमच्याकडे दुपारी लाइट गेली की हीटर बंद पडतो आणि फ्लास्क निवतो, म्हणून मी स्पिरिट लॅम्प जवळ ठेवतो. थर्मामीटर नसेल तर फ्लास्कच्या तोंडाशी वाफ दिसायला लागली आणि बूड हातात क्षणभरच धरवतं, एवढी खूण पुरते. उकळू मात्र द्यायचं नाही. जास्त तापवलं की ऑक्झॅलिक ॲसिडच तुटतं आणि वाचन कमी येतं.

आता सरकलेलं वाचन. खरा त्रास यानंच दिला.

वाचन कोणत्या बाजूला सरकलंय ते बघा. १०.० पेक्षा जास्त आलं तर परमँगनेट दुबळं झालंय किंवा दुसरं काहीतरी त्याला खातंय. परमँगनेटला आपण प्राथमिक प्रमाण पदार्थ, म्हणजे नुसता तोलून अचूक तीव्रतेचं द्रावण करता येईल असा पदार्थ, मानत नाही ते यासाठीच. त्यात मुळातच थोडा मँगनीज डायऑक्साइड असतो, आणि उजेडात, धुळीत, पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्यामुळं ते रोज थोडं तुटतं. बाटलीच्या आत तपकिरी पापुद्रा दिसला की समजा, लेबलवरचा आकडा आता खरा नाही. द्रावण करून उकळा, थंड होऊ द्या, काचेच्या लोकरीतून गाळा (कागदातून नको, परमँगनेट कागदाशीही अभिक्रिया करतं), तपकिरी बाटलीत ठेवा आणि वापरायच्या दिवशी ताज्या ऑक्झॅलिकशी पडताळून पाहा. बुरेट पाण्यानं धुऊन थेट परमँगनेट भरलं तरी वाचन वाढतं, कारण काचेला चिकटलेलं पाणी ते पातळ करतं.

वाचन १०.० पेक्षा कमी आलं तर फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक कमी पोचलंय. आमचं ९.१ याच बाजूला होतं.

पहिल्या वर्षी मी पिपेटवर संशय घेतला. पिपेट पाण्यानं धुऊन तशीच वापरली तर आत राहिलेलं पाणी ऑक्झॅलिक पातळ करतं, हे खरं. पण नऊ टक्के? दहा मिलीच्या पिपेटमध्ये जवळजवळ एक मिली पाणी राहील कसं? दुसऱ्या वर्षी मी तराजूवर घसरलो. २५० मिली द्रावणाला १.५८ ग्रॅम ऑक्झॅलिक लागतं. पुन्हा तोललं, आकडा बरोबर. गरम पाण्यात विरघळवून तसंच खुणेपर्यंत भरलं असेल का, हेही विचारून झालं. ती चूक बऱ्याच जणांची होते. ६० अंशांवर खुणेपर्यंत भरलेलं २५० मिली पाणी थंड झाल्यावर तीन मिलीहून जास्त खाली उतरतं. पण त्यामुळं द्रावण तीव्र होतं, पातळ नाही, आणि वाचन वाढायला हवं. म्हणजे तेही नाही.

तिसऱ्या वर्षी, त्या ९.१ च्या दिवशी, ऑक्झॅलिकची बाटली उचलून खिडकीसमोर धरली. तळाशी पांढऱ्या भुकटीचा पातळ थर होता, पिठासारखा. बाटली हलकेच फिरवली तर तो धुरासारखा वर आला आणि पुन्हा सावकाश बसायला लागला. दुपारच्या बॅचला मी मुद्दाम सांगितलं, बाटली जोरात हलवा आणि लगेच पिपेट भरा. त्या बॅचची वाचनं आली ९.७ आणि ९.८. हलवल्यावर वाचन वाढतं याचा अर्थ हरवलेलं ऑक्झॅलिक गेलं कुठंच नव्हतं, तळाशी बसलं होतं.

आमच्या लॅब असिस्टंट भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "कॅन संपली होती ना सर, म्हणून बोअरचं घेतलं. स्वच्छ गाळूनच घेतलं होतं." त्यांचा काही दोष नाही. गाळून कॅल्शियम निघत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, मीही नाही. डिस्टिल्ड वॉटरची कॅन जूनला येते, डिसेंबरात संपते, नवी फेब्रुवारीत परीक्षेआधी येते. मधल्या दोन महिन्यांत दरवर्षी हेच घडत होतं, आणि परीक्षेला नवी कॅन आली की अडचण आपोआप नाहीशी होत होती. म्हणून ती कधी सापडली नाही.

कारण असं. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं. ऑक्झॅलिक त्यात टाकलं की कॅल्शियम ऑक्झलेट तयार होतं आणि ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. रात्रभरात तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण पिपेटमध्ये येतं, तळाचं राहून जातं. बाटली हलवली तर थोडी भुकटी पिपेटमधून फ्लास्कमध्ये जाते, गरम सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळते आणि तिच्यातलं ऑक्झलेटही परमँगनेट खातं. म्हणून वाचन वाढतं.

मग मी त्या मुलीच्या वहीतलं ९.१ घेऊन बसलो. दहापैकी ०.९ मिली कमी, म्हणजे ऑक्झलेटचा नऊ टक्के भाग खाली बसला. ०.०५ मोलरचे नऊ टक्के म्हणजे लिटरमागे ०.००४५ मोल. एका कॅल्शियमला एक ऑक्झलेट लागतं, म्हणजे बोअरच्या पाण्यात लिटरमागे तेवढंच कॅल्शियम. चाळीसनं गुणलं तर साधारण १८० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅल्शियमची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ७५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २०० पर्यंत चालतं. आमचं बोअर त्या वरच्या टोकाच्या जवळ. वर्गातल्या पोरांनी नकळत आपल्याच गावाचं पाणी मोजलं होतं, आणि अगदी नेटकं मोजलं होतं.

इथं एक गोष्ट पोटतिडकीनं सांगायची आहे. त्या बॅचमधल्या दोघांच्या वहीत ९.१ खोडून १०.० केलेलं होतं. त्यांना वाटलं, सरांना दहा हवंय. सगळ्यांनीच तसं केलं असतं तर मला तळाचा थर कधीच दिसला नसता. ज्या मुलीनं ९.१ तसंच ठेवलं तिच्यामुळं कारण सापडलं. शिक्षकांना विनंती आहे, "उत्तर दहा येतं" हे आधी सांगू नका. द्रावणाची तीव्रता तुमच्याजवळ चिठ्ठीवर ठेवा आणि पोरांना येईल ते लिहू द्या.

आता पाणी तपासायचं कसं. त्यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही.

परीक्षानळीत ५ मिली पाणी घ्या, त्यात ऑक्झॅलिक ॲसिडचे चार-पाच स्फटिक टाका, हलवा आणि पाच-दहा मिनिटं काळ्या कागदासमोर धरा. बोअरच्या पाण्यात दुधट छटा येते. डिस्टिल्ड पाणी तसंच नितळ राहतं. दुसरी नळी घ्या, त्यात सौम्य नायट्रिक ॲसिडचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. खारं पाणी दह्यासारखं पांढरं होतं, ते क्लोराइड. तिसरी चाचणी ब्लँक: १० मिली पाणी, सल्फ्युरिक ॲसिड, गरम करा, परमँगनेटचा एक थेंब. गुलाबी रंग टिकला पाहिजे. उडाला तर त्या पाण्यात परमँगनेट खाणारं काहीतरी आहे. या तिन्ही चाचण्यांत पास झालेलं पाणीच द्रावणाला.

गावात मिळणारं वीस लिटरच्या जारचं आरओ पाणी प्यायला ठीक आहे, पण त्यात क्षार थोडे उरतातच. आमच्या जारनं सिल्व्हर नायट्रेटच्या चाचणीत फिकट पांढरी छटा दाखवली. ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळणारं बॅटरीचं पाणी मात्र तिन्ही चाचण्यांत पास झालं. पाच लिटरची कॅन घेतली, तपासून. दुसऱ्या दुकानातलं घेतलं तर तेही तपासूनच घेईन.

मोहर सॉल्टच्या (फेरस अमोनियम सल्फेट, लोहाचा क्षार) प्रयोगात बोअरचं पाणी वेगळाच घोळ करतं. तिथं कॅल्शियमचा प्रश्न नाही, क्लोराइडचा आहे. हायड्रोक्लोरिक ॲसिड परमँगनेटच्या टायट्रेशनला चालत नाही हे पोरं पाठ करतात. कारण परमँगनेट क्लोराइडला क्लोरीन करतं आणि त्यात स्वतः खर्ची पडतं. पण फेरस लोह हजर असलं की ही अभिक्रिया आणखी सहज घडते, थंड द्रावणातसुद्धा. लोखंडाच्या खनिजांचं विश्लेषण करणारे लोक त्यावर उपाय म्हणून मँगनीज सल्फेट, सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिक ॲसिडचं झिमरमन-राइनहार्ट द्रावण घालतात. आपल्या प्रयोगशाळेत ते नसतं, म्हणून खाऱ्या पाण्यात मोहर सॉल्ट विरघळवलं तर वाचन वर सरकतं आणि एंड पॉइंट लवकर उडतो. शिवाय पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळं मोहर सॉल्टचं द्रावण पिवळट गढूळ होतं. बाटलीत आधी थोडं सौम्य सल्फ्युरिक ॲसिड घालून मगच पाणी भरायचं, ते यासाठी. आणि मोहर सॉल्टचा फ्लास्क गरम करायचा नाही. गरम केलं की हवाच फेरसला फेरिक करते.

एकदा एका टेबलावर सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिकची बाटली गेली होती, लेबल पुसट झालं होतं म्हणून. फ्लास्क गरम केल्यावर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर येतो तसा वास आला. तो वास आला की वाचन लिहू नका, बाटली बघा, खिडकी उघडा.

परमँगनेटची बुरेट काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या तोटीची हवी. रबराची नळी आणि चिमटा असलेली बुरेट कार्ल फ्रीडरिश मोहर यांच्या नावानं ओळखली जाते, आणि मोहर सॉल्टलाही त्यांचंच नाव आहे. पण परमँगनेट रबराला खातं, म्हणून मोहर सॉल्टचं परमँगनेटशी टायट्रेशन मोहरच्या बुरेटनं करायचं नाही. आमच्या कपाटात अशा दोन जुन्या बुरेट आहेत, त्या मी हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या प्रयोगासाठी वेगळ्या ठेवल्या आहेत. बुरेटवर तपकिरी डाग पडले असतील तर कोमट ऑक्झॅलिक आणि सौम्य सल्फ्युरिकनं ते निघतात, घासायची गरज नाही.

पाणी महाग आहे म्हणून ते कुठं लागतं आणि कुठं नाही हेही ठरवून घ्या. काच आधी बोअरच्याच पाण्यानं धुवा, शेवटचे दोन खळखळाट डिस्टिल्डचे. त्यानंतर बुरेट ज्या परमँगनेटनं भरायची त्यानंच दोनदा खळखळून घ्या, पिपेट ऑक्झॅलिकनं. कोनिकल फ्लास्क मात्र ऑक्झॅलिकनं खळखळायचा नाही, तो ओला असला तरी चालतो. पोरं तो पुसून कोरडा करत बसतात. फ्लास्कमधलं डिस्टिल्ड पाणी ऑक्झॅलिकची तीव्रता कमी करतं, पण त्यातले मोल तेवढेच राहतात, आणि परमँगनेट मोलच मोजतं. बुरेट आणि पिपेटमध्ये मात्र आपण आकारमान मोजतो, तिथं पाण्याचा थेंबही खोटा.

या वर्षी डिस्टिल्डची कॅन नोव्हेंबरातच संपत आली, तेव्हा बॅटरीच्या पाण्याच्या दोन कॅन आणून कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या. भाऊंनी त्यांवर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "फक्त द्रावणाला. हात धुवायचे नाही." सकाळी नवं ऑक्झॅलिक केलं, तीन टेबलांनी काम केलं. १०.०, १०.०, ९.९. उद्या मोहर सॉल्ट आहे. जुनी बाटली काढून पाहिली तर स्फटिक हिरवे राहिलेले नाहीत, पिवळसर झालेत. म्हणजे फेरस कमी झालंय आणि वाचन खाली येणार. नवी बाटली उघडावी लागेल.